ब्रेक दाबला की विझणारा इंडिकेटर: चिपळूणच्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. मारुती 800, 2007 सालची, मुक्काम चिपळूण. 2022 मध्ये तिच्या नोंदणीला 15 वर्षं पूर्ण होत होती. नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणी करून घ्यायची होती. त्या वर्षीच्या 1 एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 रुपये झाली होती, त्यावर हरित कर वेगळा. गाडीवर आणखी किती खर्च करायचा, हा प्रश्न घरात रोज निघत होता. अशातच डाव्या इंडिकेटरने त्रास द्यायला सुरुवात केली.

आप्पांची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "अरे, अंगणात उभी असताना टिकटिक अगदी व्यवस्थित. रस्त्यावर वळायला गेलो की घाई सुटल्यासारखी वाजते. उजवीकडे काही नाही, फक्त डावीकडे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं. निदानाचा अर्धा भाग त्यातच होता, पण ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. तोवर एका गॅरेजमध्ये फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, बदलून झाला होता. अंगणात लावून पाहिलं तर टिकटिक ठीक, म्हणून काम झालं असं सगळ्यांनी मानलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मागचा बल्ब बदलला. तरी तेच. शेवटी गॅरेजवाल्याने सांगितलं की पुरात भिजलेलं वायरिंग आहे, मागची सगळी लाइन नवी ओढावी लागेल, साडेसहा हजार रुपये होतील. पुराबद्दल तो बरोबर होता. सगळी लाइन बदलायची गरज मात्र नव्हती.

एका संध्याकाळी सावर्ड्याहून येताना बहादूरशेख नाक्यावर शहराकडे वळायला आप्पांनी इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला, आणि मागचा ट्रक अगदी बंपरला टेकेल इतका जवळ येऊन थांबला. चालक खाली उतरून म्हणाला, "काका, साइड तरी द्यायची!" आप्पा म्हणाले, दिली होती. दोघेही खरं बोलत होते. आप्पांनी त्या रात्री मला फोन केला, आणि पुढच्या शनिवारी मी मल्टिमीटर घेऊन चिपळूणला गेलो.

आता पुराची गोष्ट, कारण ती या बिघाडाचं मूळ आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. आप्पांच्या घरासमोर उताराची वाट आहे आणि गाडी तोंड घराकडे, म्हणजे वरच्या बाजूला करून उभी असते. पाणी चढलं ते मागून. डिकी बुडाली, मागचे दिवे बुडाले, मागच्या सीटची बैठक भिजली. पुढची चाकं अर्धी पाण्यात गेली, पण इंजिन वाचलं. पाणी ओसरल्यावर सीट उन्हात वाळवल्या, ब्रेक साफ झाले, डिकीतला चिखल काढला. मागच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला, आवरणाच्या पत्र्यामागे मात्र कुणी हात घातला नाही. दिवे लागत होते, मग हात कशाला घालायचा? वर्षभर तो गाळ तिथे ओला-कोरडा होत राहिला.

मी पहिलं काम केलं ते अंधार पडायची वाट पाहण्याचं. दिव्यांचा बिघाड दिवसाउजेडी अर्धाच दिसतो. आप्पांना चालकाच्या जागी बसवलं, चावी फिरवून ठेवायला सांगितली आणि मी मागे उभा राहिलो.

नुसता डावा इंडिकेटर दिला. मागचा दिवा लागत होता, पण उजव्याच्या मानाने फिका, पिवळट. टिकटिक मोजली: 15 सेकंदांत 21, म्हणजे मिनिटाला 84. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे इंडिकेटरने मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवं, तेव्हा 84 अगदी योग्य. पण नीट पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. इंडिकेटर डावा, आणि त्याच्या तालावर उजवीकडचा लाल ब्रेकलाइट अगदी मंद, निखाऱ्यासारखा उजळत होता. ब्रेकवर तर कुणाचा पायही नव्हता.

"आप्पा, आता ब्रेक दाबून धरा."

डावा इंडिकेटर जवळजवळ विझला. डावा ब्रेकलाइटही नुसता लालसर, उजवा मात्र झगझगीत. आणि टिकटिक घाईला आली: 15 सेकंदांत 40, म्हणजे मिनिटाला 160. आप्पा आतून ओरडले, "हीच, हीच ती! रस्त्यावर अशीच वाजते."

मग इंडिकेटर बंद करून फक्त ब्रेक दाबायला सांगितला. डॅशबोर्डवरचा डावा बाण मंद पेटला. तो आप्पांनीही पहिल्यांदाच पाहिला, कारण दिवसा तो दिसण्याइतका तेजस्वी नव्हता.

अंगणातली आणि रस्त्यावरची गाडी वेगळी का वागत होती, ते इथे उलगडलं. अंगणात तपासताना ब्रेकवर पाय नसतो. वळताना तो असतोच. ज्या क्षणी मागच्या माणसाला इंडिकेटर दिसायला हवा, नेमक्या त्याच क्षणी तो विझत होता. हे मला आजही अस्वस्थ करतं. पूर्ण बंद पडलेला इंडिकेटर लगेच लक्षात येतो, चालक हात बाहेर काढून इशारा देतो. इथे डॅशबोर्डवर बाण लुकलुकत होता, टिकटिक ऐकू येत होती, आणि मागे काहीच दिसत नव्हतं.

बल्ब, फ्लॅशर, स्विच या तिघांपैकी कशानेही ही तिन्ही लक्षणं एकदम येत नाहीत. एका दिव्याचा करंट भलत्याच दिव्यात शिरतोय, याचा अर्थ परतीची वाट बंद आहे. गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक तार येते. परत जायला वेगळी लांब तार नसते, एक आखूड काळी तार जवळच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेली असते आणि पुढे गाडीची बॉडीच परतीचं काम करते. याला आपण अर्थ (अर्थिंग) म्हणतो. डावीकडच्या मागच्या दिव्यात इंडिकेटर, ब्रेक आणि टेल या तिघांची अर्थ एकच. कोकणातल्या कुणालाही पाटाच्या पाण्यावरून हे समजेल. पुढे पाट गाळाने बुजला की पाणी थांबत नाही, शेजारच्या वाफ्यात शिरतं. इथे इंडिकेटरच्या बल्बमधून निघालेला करंट अर्थला जाता येईना म्हणून डाव्या ब्रेकच्या फिलॅमेंटमधून उलटा शिरला, ब्रेकच्या तारेने उजवीकडे गेला आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडला. म्हणून उजवा ब्रेकलाइट निखाऱ्यासारखा पेटत होता. फक्त ब्रेक दाबला की हाच प्रवास इंडिकेटरच्या तारेतून पुढच्या दिव्याकडे, म्हणून बाण उजळत होता.

घाईच्या टिकटिकीचं कारणही यातच आहे. या गाडीत एका बाजूला पुढे 21 वॅट, मागे 21 वॅट आणि फेंडरवर 5 वॅट, असे मिळून 47 वॅट लागतात. 12 व्होल्टवर साधारण 3.9 अँपिअर. फ्लॅशर करंटवर नजर ठेवून असतो. एक 21 वॅटचा बल्ब गेला तर करंट सव्वादोन अँपिअरपर्यंत उतरतो आणि तो वेग वाढवून चालकाला कळवतो की एक दिवा गेला. आमच्या फ्लॅशरने आपलं काम चोख केलं होतं. बल्ब गेलेला नव्हता, पण ब्रेक दाबल्यावर तो गेल्यासारखाच होता. जुना फ्लॅशरही निर्दोष होता, तो बदलण्यात 180 रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजमाप. डाव्या ब्रेकचा बल्ब काढला, आप्पांनी ब्रेक दाबला, मीटरचं एक टोक होल्डरमधल्या ब्रेकच्या टोकाला आणि दुसरं होल्डरच्या धातूच्या कडेला. मीटर म्हणालं 12.3 व्होल्ट. काहीही बिघाड नाही! गॅरेजमध्येही बहुधा इथवर तपासणी झाली असेल आणि "सप्लाय बरोबर आहे" असा निष्कर्ष निघाला असेल.

इथे थोडं थांबतो, कारण घरी काम करणारे बहुतेक जण याच ठिकाणी फसतात. मल्टिमीटर करंट जवळपास ओढतच नाही. गंजलेल्या जोडातून इतका नाममात्र करंट सहज जातो, म्हणून मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्ब लावला की पावणेदोन अँपिअरची मागणी येते आणि तोच जोड मान टाकतो. तहानलेल्या माणसाला ठिबकणारा नळ पुरत नाही, पण नळाखाली बोट धरून पाहिलं तर पाणी आहेच असं वाटतं. बल्बचं ओहममध्ये मोजमापही असंच गोंधळात टाकतं. पेटलेल्या 21 वॅट बल्बचा रोध जवळजवळ 7 ओहम असतो, पण थंड बल्ब मीटरवर अर्ध्या ओहमच्या आसपास दिसतो आणि माणसाला वाटतं बल्ब शॉर्ट आहे. तो चांगला असतो. म्हणून दिवा पेटलेला असतानाच मोजायचं.

बल्ब परत बसवला. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हपासून ओढलेल्या लांब तारेला जोडलं, लाल टोक होल्डरच्या कडेला टेकवलं. आप्पांनी ब्रेक दाबला. अर्थ चांगली असेल तर इथे 0.1, फार तर 0.2 व्होल्ट दिसायला हवेत. दिसले 7.1.

उजवीकडे तेच मोजमाप: 0.06.

बॅटरीच्या 12.3 पैकी 7.1 व्होल्ट परतीच्या वाटेवर अडकत होते, बल्बच्या वाट्याला जेमतेम 5.2. फिलॅमेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो: व्होल्टेज निम्मं झालं की प्रकाश दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. ट्रकवाल्याला काही दिसलं नाही यात त्याची काय चूक?

ही 7.1 ची गळती नेमकी कुठे आहे, ते टप्प्याटप्प्याने शोधता येतं. लांब तार बॅटरीवर तशीच ठेवायची आणि लाल टोक सरकवत न्यायचं. होल्डरची कड: 7.1. होल्डरला जोडलेली काळी तार: 6.8. कनेक्टरच्या पलीकडे: 6.4. काळ्या तारेच्या टोकाची थिंबल, म्हणजे स्क्रूखाली बसणारी धातूची कडी: 6.4. थिंबल ज्या पत्र्यावर बसली आहे तो पत्रा, रंग खरवडून: 0. होल्डरमध्ये 0.3 आणि कनेक्टरमध्ये 0.4 जात होते, पण एकट्या स्क्रूखाली 6.4. सबंध बिघाड एका नखाएवढ्या जागेत होता.

खात्रीसाठी एक शेवटची चाचणी. ही कुणालाही मीटरशिवाय करता येते. दोन हात लांब तार घेतली, एक टोक होल्डरच्या कडेला धरलं, दुसरं खरवडलेल्या पत्र्यावर दाबलं. डावा ब्रेकलाइट फटकन उजळला, डॅशबोर्डवरचा बाण विझला. आप्पा काचेतून मागे पाहत होते. "झालं?" त्यांनी विचारलं. "सापडलं," मी म्हटलं. "व्हायचं आहे अजून."

दुरुस्तीआधी 10 च्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. मागच्या दिव्यांच्या तारांत सप्लाय असला आणि त्या चुकून पत्र्याला टेकल्या तर फ्यूज उडतो. स्क्रू काढला तर थिंबलखाली हिरवट-पांढरी भुकटी आणि त्यात वाशिष्ठीचा बारीक, वाळलेला गाळ. स्क्रूचे आटे गंजाने खाल्लेले. थिंबल कापून तार सोलली तर आतलं तांबं काळं. पाणी तारेच्या आवरणाच्या आत केशिकेसारखं चढतं आणि तिथे हवा नसल्याने सुकत नाही. चकाकतं तांबं दिसेपर्यंत कापत गेलो, चार इंच तार गेली. पुरातल्या गाडीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे: काळ्या तांब्यावर नवी थिंबल दाबली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

कमी पडलेल्या लांबीसाठी घराच्या वायरिंगची उरलेली 1.5 चौरस मिलीमीटरची काळी मल्टिस्ट्रँड तार वापरली. तिन्ही दिव्यांचा करंट मिळून 4 अँपिअरच्या आत, तेव्हा ती भरपूर झाली. जोड क्रिम्पिंगच्या चिमट्याने दाबून केला, वर आवरणाची नळी. सोल्डर मुद्दाम टाळला: सोल्डरने तार कडक होते आणि कडक भाग संपतो तिथे गाडीच्या हादऱ्यांनी ती तुटू शकते.

स्क्रूच्या जागेभोवती एका रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने काढला, पत्रा पांढरा चमकेपर्यंत. नवी थिंबल, पत्र्यात दात रुतवणारं स्टार वॉशर, नवा स्क्रू, घट्ट. त्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी धातूला धातू घट्ट भिडवायचा आणि मग वरून पाणी अडवायचं. कनेक्टरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, नेलफाइलने हलक्या घासल्या. होल्डरमधली स्प्रिंगही साफ केली, बल्बची कड जिथे टेकते तिथला गंज काढला. बल्ब दोन्ही नवे टाकले.

बल्ब घेताना दुकानदाराने एलईडी सुचवले. नको म्हटलं. एलईडी करंट अगदी थोडा घेतो, फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, आणि घाईची टिकटिक कायमची मागे लागते. ती थांबवायला काही जण 6 ओहमचा रेझिस्टर जोडतात. त्यातून 2 अँपिअर जातात, म्हणजे 24 वॅट उष्णता, आणि तो प्लॅस्टिकला टेकला तर प्लॅस्टिक वितळतं. जुन्या गाडीला 25 रुपयांचा साधा बल्ब उत्तम. फक्त बुडाच्या खिळ्या बघून घ्याव्यात: साध्या 21 वॅट बल्बच्या दोन्ही खिळ्या समोरासमोर असतात, नारिंगी रंगाच्या बल्बच्या थोड्या तिरक्या कोनात, आणि ब्रेक-टेलच्या दोन फिलॅमेंटच्या बल्बच्या वरखाली. जबरदस्तीने बसवला तर होल्डर कायमचा सैल होतो.

बॅटरी जोडली. ब्रेक दाबून मोजलं: 0.04 व्होल्ट. उजव्यापेक्षाही चांगलं. ब्रेक दाबून इंडिकेटर: मिनिटाला 84, न दाबता 84.

खर्च लिहून ठेवला होता. थिंबल 12, स्क्रू आणि वॉशर 10, पॉलिश पेपर 8, दोन बल्ब 50, कॉन्टॅक्ट क्लीनर 190. एकूण 270 रुपये, आणि क्लीनरची बाटली अजून तीन-चतुर्थांश भरलेली. मीटर माझ्याकडे होतंच, साधं डिजिटल मीटर तीनेकशेला मिळतं. वेळ शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ. त्यातला बराचसा बघण्यात आणि मोजण्यात गेला, पाना-पक्कड हातात होती ती दीड तास.

या प्रकरणाचं निदान सगळ्या गाड्यांना लागू होईल असं नाही. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद पण हॅझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) चालू, असं असेल तर आधी इंडिकेटरचा फ्यूज आणि मग हॅझार्डचं बटण पाहावं. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्या बटणातून जातो आणि वर्षानुवर्षं न दाबल्याने आतले कॉन्टॅक्ट धरतात, वीस-पंचवीस वेळा दाबून सोडलं की बरेचदा सुटतात. दिवा लागतो पण लुकलुकत नाही, तर फ्लॅशर. एका बाजूचा एकही दिवा लागत नाही आणि हॅझार्डवर तीच बाजू लागते, तर स्टिअरिंगखालचा दांडा. पण भलता दिवा उजळणं, ब्रेकबरोबर इंडिकेटर मंद होणं, यांपैकी काहीही दिसलं तर एकही सुटा भाग विकत घेण्याआधी अर्थ मोजावी, आणि दिवा पेटलेला असताना मोजावी.

दुपारी जेवणं झाल्यावर मी उजव्या बाजूचं आवरणही काढलं. तिथे 0.06 व्होल्ट होते, म्हणजे काम करायची गरज नव्हती. तरी स्क्रूभोवती तोच गाळ होता, फक्त रंग अजून धरून होता. तीही थिंबल बदलली, तिथेही जेली लावली. काकू चहा घेऊन आल्या आणि वर्तमानपत्रावर काढून ठेवलेल्या त्या चिमूटभर गाळाकडे बघत राहिल्या. पुरानंतर त्यांनी घर किती वेळा धुतलं होतं, ते त्या मोजूनच सांगतात. "अजून निघतोय," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात गाडीची तपासणी झाली. निरीक्षकाने डावा, उजवा, ब्रेक, सगळं लावायला सांगितलं. आप्पांनी डावा इंडिकेटर देऊन ब्रेक स्वतःहून दाबून धरला आणि काचेतून मान वळवून म्हणाले, "साहेब, एकदा असंही बघा."

नोंदणी पाच वर्षांनी वाढली. त्या स्क्रूवर मी दर मे महिन्यात, पावसाआधी, एकदा मीटर लावतो. गेल्या वेळी 0.05 होते.